स्कूटरच्या ब्रेकचा आवाज आणि ब्रेक लिव्हर

स्कूटरच्या ब्रेकचा आवाज म्हणजे ब्रेकमधील एकमेकांवर घासल्या जाणाऱ्या भागांच्या कंपनामुळे निर्माण होणारा ध्वनी होय. ब्रेक लिव्हर हा हँडलवरील, तरफेच्या तत्त्वावर काम करणारा दांडा असून चालकाच्या बोटांचा जोर त्याच्यामार्फत चाकावरील ब्रेकपर्यंत पोहोचतो. चालत्या स्कूटरवर ब्रेकची अवस्था मुख्यतः दोन मार्गांनी कळते : कानाला ऐकू येणारा आवाज आणि हाताला जाणवणारी लिव्हरची चाल. प्रत्येक आवाज बिघाडाचा नसतो आणि प्रत्येक बिघाड आवाज करतोच असेही नाही. तेल लागलेला ब्रेक बहुधा निःशब्द असतो, मात्र तो गाडी थांबवत नाही. म्हणून ब्रेकची पारख करताना आवाज आणि लिव्हर या दोहोंचा एकत्र विचार केला जातो.

अमरावती, अकोला व एकूणच वऱ्हाडात विनागिअरची स्कूटर हे घरोघरी वापरले जाणारे वाहन आहे. तेथील कडक उन्हाळा, काळ्या मातीचा चिखल व धूळ, तसेच मेळघाटातील उतार या तिन्ही गोष्टींचा ब्रेकच्या आवाजाशी व कार्यक्षमतेशी निकटचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

ब्रेकचा आवाज हा प्रश्न ब्रेकइतकाच जुना आहे. इंग्लंडमधील अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्या ब्रेकमध्ये धातूवर धातू घासला जात असल्याने कर्कश आवाज होई. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी घर्षणाच्या पृष्ठभागावर ॲस्बेस्टॉसचे अस्तर बसवून हा आवाज कमी केला. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यानंतर ब्रेकसाठी ॲस्बेस्टॉसविरहित अस्तरे प्रचारात आली. लिव्हरचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या लवचिक केबलचे पेटंट अर्नेस्ट बोडन यांच्या नावे १८९६ मध्ये नोंदले गेले.

महाराष्ट्रात १९७२ पासून तयार होऊ लागलेल्या ‘बजाज चेतक’ या स्कूटरला डाव्या हाताशी क्लचचा लिव्हर व गिअर, उजव्या हाताशी पुढच्या चाकाचा ब्रेक आणि उजव्या पायाशी मागच्या चाकाचा ब्रेक होता. १९८४ मध्ये आलेल्या ‘कायनेटिक होंडा’ने विनागिअरची स्कूटर रूढ केली. अशा स्कूटरला हाताने दाबायचा क्लच नसल्याने डाव्या हाताच्या लिव्हरकडे मागच्या ब्रेकचे काम आले. २००१ मध्ये आलेल्या ‘होंडा ॲक्टिव्हा’नंतर हीच मांडणी सर्वत्र परिचित झाली.

या बदलाचा एक परिणाम आजही दिसतो. मोटारसायकलवर डावा लिव्हर क्लचचा असतो आणि तो पूर्ण दाबला तरी चाक अडत नाही. विनागिअरच्या स्कूटरवर तोच लिव्हर तशाच रीतीने दाबला तर मागचे चाक जागीच अडून गाडी घसरू शकते. ज्या घरात दोन्ही प्रकारची वाहने आहेत, तेथे वाहन बदलताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

रचना व कार्य

ब्रेकचे काम गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे हे आहे. स्कूटर व दोन व्यक्ती मिळून २५० किलोग्रॅम वस्तुमान धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाने गतिज ऊर्जा सुमारे ८.७ किलोज्यूल आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने सुमारे ३४.७ किलोज्यूल असते. वेग दुप्पट होताच ऊर्जा चौपट होते. त्यामुळे शहरातल्या मंद रहदारीत पुरेसा वाटणारा ब्रेक महामार्गावर अपुरा ठरू शकतो.

ड्रम ब्रेक : चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आत अर्धवर्तुळाकार दोन शू असतात. त्यांच्या बाहेरील बाजूस घर्षण करणारे अस्तर, म्हणजे लायनर, चिकटवलेले असते. लिव्हर दाबल्यावर केबल ओढली जाते, ब्रेकचा बाहेरील आर्म फिरतो व आतील कॅम दोन्ही शू फाकवून ड्रमवर टेकवतो. लिव्हर सोडल्यावर स्प्रिंगा शूंना मागे ओढतात. दोन शूंपैकी एकाला फिरणारा ड्रमच स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याचा दाब आपोआप वाढतो.

डिस्क ब्रेक : यात चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती दोन पॅडच्या चिमट्यात पकडली जाते. लिव्हरच्या बुडाशी असलेल्या मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑईलवर दाब देतो. तो दाब नळीतून कॅलिपरपर्यंत जातो व तेथील दट्ट्या पॅडला चकतीवर दाबतो. अनेक स्कूटरमध्ये पुढे डिस्क व मागे ड्रम अशी मांडणी असते.

ब्रेक लिव्हर

लिव्हर ही एक साधी तरफ आहे. समजा, ज्या बोल्टभोवती लिव्हर फिरतो तेथून केबलचे टोक २५ मिलिमीटरवर आणि बोटांचा जोर १२५ मिलिमीटरवर आहे. अशा वेळी बोटांचा जोर केबलपर्यंत जाताना पाचपट होतो. मात्र हालचाल त्याच प्रमाणात घटते, म्हणजे बोटे ५० मिलिमीटर सरकली तर केबल १० मिलिमीटरच ओढली जाते. याचाच उलट अर्थ असा की लायनर झिजल्यामुळे किंवा केबल ताणल्यामुळे केबलमध्ये केवळ २ मिलिमीटर ढील आली, तरी लिव्हरच्या टोकाशी ती सुमारे १० मिलिमीटर जाणवते. चाकातील झीज डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळते ती या गणितामुळे.

लिव्हर दाबायला सुरुवात केल्यापासून ब्रेक पकडेपर्यंतच्या मोकळ्या हालचालीला मोकळी चाल म्हणतात. ड्रम ब्रेकच्या अनेक स्कूटरमध्ये ती लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर ठेवली जाते. प्रत्येक गाडीचे नेमके माप तिच्या मालक-पुस्तिकेत दिलेले असते. मोकळी चाल अजिबात नसेल तर शू ड्रमला सतत घासतात, चाक जड फिरते व पेट्रोल अधिक लागते. ती फार वाढली तर पूर्ण दाबलेला लिव्हर हँडलच्या मुठीला टेकतो आणि जोर लावण्यास जागाच उरत नाही.

डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजले तरी कॅलिपरमधील दट्ट्या पुढे सरकून ती जागा भरून काढतो. त्यामुळे लिव्हरची चाल फारशी वाढत नाही आणि ऑईलच्या टाकीतील पातळी मात्र खाली जाते. डिस्कचा लिव्हर स्पंजासारखा मऊ लागत असेल, तर ऑईलमध्ये हवा शिरल्याची शक्यता असते.

भारतात १ एप्रिल २०१८ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींना, इंजिन १२५ घनसेंटिमीटरपर्यंत असल्यास संयुक्त ब्रेक प्रणाली (सीबीएस) किंवा एबीएस, आणि त्याहून मोठे असल्यास एबीएस बंधनकारक करण्यात आले. सीबीएस असलेल्या विनागिअरच्या स्कूटरवर डावा लिव्हर दाबला की मागच्या ब्रेकबरोबर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. उजवा लिव्हर केवळ पुढच्या चाकाचा असतो. त्यामुळे अशा स्कूटरवर डावा लिव्हर दाबताना आलेला आवाज मागच्याच चाकाचा आहे असे गृहीत धरता येत नाही.

आवाज का निर्माण होतो

दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना क्षणभर चिकटतात व पुन्हा निसटतात. हे चिकटणे-निसटणे एका सेकंदात शेकडो ते हजारो वेळा घडले की शू, पॅड, चकती किंवा ड्रम कंप पावतात आणि आवाज येतो. सारंगीच्या तारेवरून गज ओढल्यावर स्वर उमटतो तो याच क्रियेमुळे. ब्रेकची टोकदार किंचाळी साधारणतः १ किलोहर्ट्झहून अधिक वारंवारतेची असते. शू किंवा पॅड सैल असणे, लायनरचा पृष्ठभाग उष्णतेने तुळतुळीत होणे, मध्ये धूळ किंवा गंज असणे यांमुळे कंपनाला अनुकूल स्थिती तयार होते.

आवाजाचे प्रकार व त्यांचा अर्थ

वऱ्हाडी बोलीत ‘ब्रेक वाजून राहिला’ असे म्हटले जाते. परंतु कोणता आवाज, केव्हा आणि कोणता लिव्हर दाबल्यावर, हे कळल्याशिवाय निदान होत नाही. सर्वसाधारणपणे पुढील प्रकार आढळतात.

* सकाळी पहिल्या काही वेळा येणारी खरखर : रात्रीच्या दमटपणाने किंवा पावसाने ड्रमवर अथवा चकतीवर गंजाचा पातळ थर चढतो. पाच-दहा वेळा ब्रेक लावल्यावर तो घासला जातो व आवाज थांबतो. लिव्हर नेहमीसारखा असेल तर हा बिघाड नव्हे.
* बारीक, टोकदार ‘चूं’ असा आवाज : लायनर किंवा पॅड तुळतुळीत होणे, धूळ साचणे, पॅडमागील पातळ पत्रा निसटणे ही याची कारणे असतात. काही पॅडमध्ये झीज मर्यादेवर आल्यावर चकतीला लागून आवाज करणारी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. तेथे हा आवाज पॅड बदलण्याची सूचनाच असते.
* जाड ‘घर्र’ असा, धातूवर धातू घासल्याचा आवाज : अस्तर संपून शूचा किंवा पॅडचा धातू ड्रमला वा चकतीला लागत असल्याचे हे चिन्ह आहे. हा सर्वांत गंभीर आवाज असून तो आल्यावर गाडी चालवणे थांबवणे योग्य ठरते. दुर्लक्ष केल्यास स्वस्त शूबरोबर महाग ड्रम किंवा चकतीही बदलावी लागते.
* ब्रेक लावताना ठरावीक अंतराने ‘धडधड’ आणि लिव्हरला हिसके : ड्रम लंबगोल झाल्याचे किंवा चकती वाकल्याचे लक्षण. एबीएस असलेल्या गाडीत मात्र चाक अडू नये म्हणून प्रणाली दाब कमी-अधिक करते तेव्हा लिव्हरला जाणवणारी थरथर स्वाभाविक असते.
* एकच ‘टक्’ असा आवाज : कॅलिपर, पॅड किंवा ब्रेकचा आर्म सैल असल्यास ब्रेक पकडताना तो भाग जागेवर आपटतो.
* लिव्हर न दाबता येणारी घरघर : शू चिकटून राहिले असतील किंवा चाकाचे बेअरिंग खराब असेल. इंजिनाच्या बाजूच्या झाकणातून येणारा आवाज पट्ट्याचा किंवा क्लचचाही असू शकतो.
* लिव्हरपाशीच येणारी करकर : लिव्हरचा बोल्ट किंवा केबल कोरडी पडली असते. केबलच्या तारा तुटू लागल्या असतील तर लिव्हर खरबरीत लागतो. अशी केबल तत्काळ बदलली जाते, कारण ती तुटल्यास तो ब्रेक पूर्णपणे निकामी होतो.

वंगणाविषयीचा गैरसमज

बैलगाडीच्या आसाची किंवा दाराच्या बिजागरीची करकर वंगणाने थांबते. त्या अनुभवावरून ब्रेकमध्येही तेल सोडण्याची चूक केली जाते. आसाला घर्षण नको असते, ब्रेकचे मात्र सारे कार्य घर्षणावरच चालते. लायनर किंवा पॅडवर तेल अथवा ग्रीस गेले की आवाज थांबतो व त्याबरोबर ब्रेकची पकडही जाते.

याचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून लिव्हर दाबला जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरू. ब्रेक चांगला असून वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने कमी झाला, तर गाडी पुढील सुमारे १९ मीटरमध्ये म्हणजे एकूण ३३ मीटरमध्ये थांबते. हाच दर ३ वर आला तर एकूण अंतर ४६ मीटर होते. पहिली गाडी जेथे थांबते तेथून १३ मीटर पुढे दुसरी थांबते, आणि ३३ मीटरच्या खुणेवरून जाताना तिचा वेग अजूनही ताशी सुमारे ३२ किलोमीटर असतो.

तेल शोषलेले लायनर किंवा पॅड पुसून पूर्ववत होतीलच याची खात्री नसते, म्हणून ते बदलले जातात. वंगणाची जागा लिव्हरचा बोल्ट, केबल आणि ब्रेकचा कॅम एवढीच असून तेथेही ते बेताने वापरले जाते.

वऱ्हाडातील परिस्थिती

उन्हाळा : अकोला व अमरावती येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. हवा तापलेली असल्याने ब्रेकमधील उष्णता बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो. सततच्या ब्रेकमुळे तापलेले लायनर तुळतुळीत होण्याची शक्यता वाढते.

पावसाळा व माती : या भागातील काळी कापसाची जमीन ओली असताना चिकट असते व वाळल्यावर तिची बारीक धूळ होते. शेतरस्त्यावरील चिखल ब्रेकच्या आर्मवर, केबलच्या टोकाशी आणि कॅलिपरमध्ये अडकून वाळतो. त्यामुळे दाबलेला लिव्हर पूर्ण परत येत नाही आणि ब्रेक चिकटून राहतो. गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून नेल्यावर लायनर ओले असते. कमी वेगात काही वेळा हलकेच ब्रेक लावल्यास ते वाळते.

महामार्ग : अमरावती व अकोला ही शहरे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ ने जोडलेली आहेत. जून २०२२ मध्ये याच टप्प्यावर ७५ किलोमीटर लांबीचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्यात आला आणि त्याची नोंद गिनीज विक्रम म्हणून झाली. गुळगुळीत रस्त्यावर वेग सहज वाढतो. राजकमल चौकातील किंवा अकोल्याच्या टॉवर चौकातील गर्दीत ताशी २०-३० किलोमीटरवर वापरलेला ब्रेक बडनेरा किंवा बोरगाव मंजूच्या पुढे दुप्पट वेगाने वापरावा लागतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे तेथे त्याला चौपट ऊर्जा जिरवावी लागते.

घाट : अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर असून अमरावती शहराची उंची सुमारे ३४० मीटर आहे. २५० किलोग्रॅम वस्तुमानाची भरलेली स्कूटर ७०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे १,७०० किलोज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. ताशी ५० किलोमीटर वेगावरून गाडी पूर्ण थांबवण्याच्या कामाच्या ती सुमारे ७० पट आहे. हवेचा रोध, टायरचे घर्षण व इंजिन यांत तिचा काही भाग जिरतो आणि उरलेला ब्रेकवर येतो.

मोटारसायकल खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाने वेग रोखता येतो. विनागिअरच्या स्कूटरमध्ये वेग फार कमी झाल्यावर केंद्रोत्सारी क्लच सुटतो व इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो. किंचित ॲक्सिलरेटर दिल्यास क्लच पुन्हा पकडतो. इंजिन बंद करून उतार उतरल्यास मात्र हा आधार राहत नाही.

अखंड दाबून ठेवलेल्या ब्रेकमध्ये घर्षण घटत जाते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो व लिव्हरची चाल वाढते. डिस्क ब्रेकचे ऑईल हवेतील दमटपणा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑईलसाठी तो किमान २३० अंश, तर ठरावीक प्रमाणात पाणी शोषलेल्या ऑईलसाठी किमान १५५ अंश सेल्सिअस असतो. ऑईल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात व लिव्हर मुठीपर्यंत जातो. घाटात लिव्हर मऊ किंवा लांब लागू लागला, तर आवाज नसला तरी गाडी सुरक्षित जागी थांबवून ब्रेक थंड होऊ देणे आवश्यक असते. ब्रेकवर पाणी ओतणे टाळले जाते, कारण एकाएकी थंड झाल्याने चकती वाकू शकते.

तपासणी

प्राथमिक तपासणीस विशेष साधने लागत नाहीत. सपाट, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात दोन्ही लिव्हर एकेक करून दाबल्यास आवाज कोणत्या चाकाचा आहे याचा अंदाज येतो. इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर घेतली व मागचे चाक हाताने फिरवले, तर ब्रेक चिकटतो का हे कळते. बऱ्याच स्कूटरच्या ब्रेकच्या आर्मवर बाण व शेजारी खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेशी जुळला की शू बदलण्याची वेळ आली असे समजले जाते. डिस्कच्या पॅडची जाडी बाहेरून पाहता येते. लिव्हर दाबताना मागचा दिवा लागतो की नाही, हेही याच वेळी पाहिले जाते.

देखभाल

ड्रम ब्रेकची मोकळी चाल आर्मच्या टोकाशी असलेल्या नटाने कमी-जास्त करता येते. नट आवळल्यावर चाक मोकळे फिरते का हे पाहावे लागते. नट आवळून चाल बरोबर करता येते, परंतु संपलेले लायनर त्याने परत येत नाही. तुळतुळीत झालेला लायनर पॉलिश पेपरने हलका घासून पुन्हा खरबरीत करता येतो. ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने न उडवता ओल्या फडक्याने टिपली जाते, कारण ती श्वासावाटे शरीरात जाणे अपायकारक असते. डिस्क ब्रेकचे ऑईल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलले जाते.

लिव्हरच्या टोकाची गोल गाठ अपघातात शरीराला इजा होऊ नये यासाठी असते. गाडी पडून हे टोक तुटले किंवा लिव्हरला तडा गेला, तर तो बदलला जातो. वाकलेला लिव्हर ठोकून सरळ केल्यास तेथे धातू कमजोर होऊन ऐन वेळी मोडू शकतो.

कायदेशीर तरतूद

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ वाहनांच्या ब्रेकसंबंधी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० नुसार, ज्या दोषामुळे इतरांना धोका होऊ शकतो आणि जो ठाऊक आहे किंवा साधारण काळजी घेतल्यास कळू शकतो, असा दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे किंवा चालवू देणे हा दंडनीय गुन्हा आहे. धातूवर धातू घासल्याचा आवाज किंवा मुठीला टेकणारा लिव्हर हे साधारण काळजी घेणाऱ्याच्या लक्षात येण्यासारखे दोष आहेत. ‘चालवू देणे’ या शब्दांमुळे गाडी दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या मालकावरही ही जबाबदारी येते.